जोडी आणि जोडा

रजिस्टरकाका दुकानात गेले आणि त्यांनी पक्ष्यांची 'जोडी' मागितली. इथपर्यंत आपलं काहीही चुकलेलं नाही, असं त्यांचं आजही ठाम म्हणणं आहे. पुढे जे काही झालं त्याला दुकानदार जबाबदार, बिल्डिंग जबाबदार, फार तर मराठी भाषा जबाबदार.

काका विवाह नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. समोर उभ्या राहिलेल्या माणसांची लग्नं वहीत उतरवून घ्यायची, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. नवरा कोण, नवरी कोण, साक्षीदार शुद्धीवर आहेत का, हे चष्म्यावरून नीट बघून घेतल्याशिवाय त्यांचं पेन कागदाला लागत नसे. अठ्ठावीस वर्षांत वहीत एक खाडाखोड नाही! दाखल्यात चूक निघाली म्हणून कुणी रडकुंडीला येऊन उभा राहिला, तर काका शांतपणे सांगत, "नोंद झाली ती झाली. दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, आणि पुढच्या महिन्यात या." या निष्कलंक वहीबद्दल खात्याने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला होता. त्यासाठी काकांनी नवा काळा जोडा घेतला. तो चावायला लागला, म्हणून सैल पडेपर्यंत खोक्यात घालून बाल्कनीतल्या कपाटावर ठेवून दिला. न घालता बूट सैल कसे पडणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

काकांच्या बायकोला सगळी बिल्डिंग 'सिस्टर' म्हणायची. प्रसूतिगृहात चौतीस वर्षं नोकरी. काका बहिणीचं बाळ बघायला म्हणून तिथे गेले आणि या नर्सच्या प्रेमात पडून बाहेर आले. तेव्हा तोंडात बसलेली 'सिस्टर' ही हाक लग्नानंतरही सुटली नाही, आणि दोघंही कधी 'तुम्ही'वरून खाली उतरले नाहीत. भर बाजारात "सिस्टर, पिशवी द्या इकडे" म्हणणारा नवरा बघून नवख्या माणसांचे गैरसमज होत. काका ते दूर करायला जात आणि वाढवून येत.

तर या सिस्टर अडीच महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या आणि गप्प झाल्या. ज्या बाईच्या एका हाकेने वॉर्डातले नातेवाईक भिंतीला चिकटून उभे राहायचे, ती बाई आता पहाटे पाचला सवयीने उठायची, केस घट्ट बांधायची, मनगटाला घड्याळ लावायची आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची. जायचं कुठेच नसायचं. काही विचारलं की "हं." लेकीचा परगावाहून फोन आला तरी "हं." नोंदी ठेवणं हा काकांचा स्वभाव, त्यांनी एका रविवारी मोजून बघितलं. सबंध दिवसात 'हं' सव्वीस आणि पूर्ण वाक्यं दोन, त्यातलं एक दूधवाल्याला. बायको समोर बसलेली असताना घर रिकामं वाटावं, यासारखं वाईट काही नाही.

यावर उपाय काय, तर घरात पाळणा हलला पाहिजे! चौतीस वर्षं लोकांची बाळंतपणं केलेल्या बाईला घरच्या घरी एक बाळंतपण मिळवून दिलं, की ती पुन्हा बोलायला लागेल. हिशोब साधा होता. लेकीला याबाबतीत काही सुचवायची काकांची हिंमत नव्हती. म्हणून पक्षी.

दुकानदाराने दोन लव्हबर्ड दिले. पोपटाची आकाराने लहान जात, अंग हिरवं, गाल गुलाबी. दोन्ही इतके सारखे की एक आरशातला असावा. काकांनी पिंजरा बाल्कनीत टांगला, सिस्टरांना हाक मारली. सिस्टरांनी पिंजरा पुसायला म्हणून एकेक पक्षी बाहेर काढला, हातात धरला, पोटाखालून बोट फिरवलं, परत आत सोडला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हं."

पण हा 'हं' नेहमीपेक्षा लांब होता. काका खूश झाले.

दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगचे सेक्रेटरी फॉर्म घेऊन हजर. पाळीव प्राण्यांची नोंद सक्तीची होती आणि एका घरात दोनच्या वर प्राणी चालत नसत. जात, रंग, उंची, चावतो का, असे रकाने होते. काका लिंगाच्या रकान्यापाशी अडखळले.

"कोरं ठेवलं तर?" त्यांनी विचारलं.

"कोरं चालत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

हे वर्मी लागलं. काकांनी पिंजऱ्याकडे चष्म्यावरून बघितलं. एक पक्षी अखंड कलकलाट करत होता, दुसरा कोपऱ्यात गप्प बसला होता. घरातला सध्याचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी बोलणाऱ्याला नर ठरवलं आणि गप्प बसणाऱ्याला मादी. 'नर एक, मादी एक.' मग हाताला वळणच पडलेलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'विवाहित', आणि खाली झोकात सही ठोकली.

आता संसार सुरू व्हायला हवा होता, पण तो काही होईना. तसा सल्ल्याला बिल्डिंगमध्ये तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर तीन पुस्तकं वाचून आले आणि म्हणाले, "अहो, त्यांना एकांत हवा. तुम्ही परीक्षेच्या हॉलसारखे समोर उभे! लाकडी पेटी लावा आत, भोक ठेवा, वरून पडदा सोडा. आणि लक्षात ठेवा, पक्ष्यांचं सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. डोळ्याचं पातं लवलं की हुकलं."

"एकांत द्यायचा, की डोळ्याचं पातं लवू द्यायचं नाही?" काकांनी विचारलं. यावर मास्तर म्हणाले, तो तपशील आहे.

तळमजल्यावरच्या जिमवाल्याने पिंजऱ्यातले पक्षी बघून मान हलवली. "काका, प्रोटीन कमी पडतंय. उकडलेलं अंडं कुस्करून द्या."

"अंडं? पक्ष्यांना?" काका हादरले. "जे त्यांनी द्यायचं ते आपणच त्यांना खायला घालायचं?" पण पुस्तकातही तेच निघालं. तेव्हा काकांनी मान फिरवून, डोळे मिटून, एका हाताने पिंजऱ्यात अंडं सरकवलं. पुढचे दोन दिवस त्या पक्ष्यांच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.

या सगळ्या काळात काकांनी एका माणसाला मात्र चुकूनही काही विचारलं नाही. ते माणूस तिथेच दाराशी खुर्चीत बसलेलं होतं.

अखेर एका शुक्रवारी वर्तमानपत्राला पाडलेल्या भोकातून काकांना ते दृश्य दिसलं. कलकलाट करणारा पक्षी गप्प बसणाऱ्याच्या पाठीवर चढला, पंख फडफडले, झालं. काका लाजेने कानापर्यंत लाल झाले, पण कर्तव्याला चुकले नाहीत. खास नवी वही केली होती, तिच्यात लिहिलं: 'सकाळी आठ वाजून बारा मिनिटे. कालावधी: चार सेकंद. साक्षीदार: स्वतः.' शनिवारी त्याच वेळेला गप्प बसणारा पक्षी कलकलाट करणाऱ्याच्या पाठीवर चढला. काकांचं पेन क्षणभर थबकलं. मग त्यांनी लिहिलं, 'कामाची वाटणी.' आजकालची जोडपी बघितलेला माणूस तो. जुन्या वळणाचा असला तरी मागासलेला नव्हता.

त्यानंतर कागद फाडणं सुरू झालं. या जातीची मादी कागदाच्या पट्ट्या कातरते, शेपटीजवळच्या पिसांत खोचते आणि घरट्यात नेते, असं मास्तरांनी वाचलं होतं. काकांनी ऑफिसातून रद्दीत निघालेले जुने विवाह अर्ज आणून पिंजऱ्यात सोडले. बघतात तो काय, दोन्ही पक्षी कातरतायत! दोघांच्याही शेपटीत 'वधूचे संपूर्ण नाव' आणि 'वराचा व्यवसाय'.

"नवरा काय कामाचा आहे, बघा सिस्टर," काका कौतुकाने म्हणाले. "बायकोच्या बरोबरीने राबतोय."

"हं," सिस्टर म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून खोकल्या. तो खोकला नव्हता, हे काकांना फार उशिरा कळलं.

पट्ट्या पिंजऱ्यातून खाली सांडायच्या, दाणे सांडायचे. ते टिपायला चिमण्या यायच्या आणि बाल्कनीभर घाण करायच्या. काका त्यांना हाकलून दमले. घरात खानदानी जोडपं असताना या उपऱ्यांकडे कोण बघणार?

आणि मग अंडं! पांढरंशुभ्र, बोराएवढं. काकांना आकाश ठेंगणं झालं. दोन दिवसांनी तीन. आठवड्याने सहा. काका ऑफिसात हातात फाइल न घेता नुसतेच हिंडू लागले. साहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पंधरवड्यात अंडी झाली दहा! मास्तर पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले की साधारण पाच-सहाच घालतात. "आमच्याकडे साधारण काही नसतं," काका म्हणाले. दोन्ही पक्षी पेटीत शेजारी शेजारी फुगून बसले होते. नवराही अंडी उबवतोय हे बघून काकांना भरून आलं.

सेक्रेटरींच्या तोंडचं मात्र पाणी पळालं. "दोन अधिक दहा, बारा! काका, नियम दोनचा आहे."

"निसर्गाला तुमचा नियम दाखवा," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दहा अंडी झाल्यावर बाराव्या दिवशी भर दुपारी सिस्टर खुर्चीतून उठल्या. कपाटातून ड्यूटीवरची छोटी बॅटरी काढली, पक्षी दाणे खायला बाहेर आल्यावर पेटीतलं एक अंडं दोन बोटांत उचललं आणि म्हणाल्या, "अहो, इकडे या. बाथरूममध्ये." दार लावून अंधार केला आणि अंड्याखाली बॅटरी धरली. अंडं आतून पिवळं उजळलं, दिव्याच्या काचेसारखं स्वच्छ.

"किती सुंदर!" काका कुजबुजले.

"सुंदर आहे, पण आत काही नाही. जीव धरला असता तर लाल शिरा दिसल्या असत्या." त्यांनी दुसरं अंडं आणलं, तिसरं आणलं. सगळी स्वच्छ. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "दोघी बायका आहेत हो त्या."

काका बादलीवर बसले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पोटाखालची दोन हाडं लागतात बोटाला. नराची जवळ असतात, मादीची लांब. माहेरी कोंबड्या होत्या माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंत कुठे? सगळ्या बिल्डिंगला विचारलंत." "आणि तुम्ही इतके खूश होतात ना, म्हटलं राहू दे."

चार महिन्यांत सिस्टरांनी एका दमात इतकं बोलायची ही पहिलीच वेळ होती, पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. अपमानाने त्यांचे कान तापले होते. अंडी फेकतो म्हणाले, तर सिस्टरांनी अडवलं. "बसू दे त्यांना. कंटाळल्या की आपणच उठतील. ओढून काढली तर पुन्हा घालत बसतील." काकांनी छत्री काखोटीला मारली आणि दुकान गाठलं.

"मी जोडी मागितली होती!" ते दारातूनच गरजले.

"मग जोडीच दिली," दुकानदार म्हणाला. "दोन नग."

"दोन्ही माद्या आहेत!"

"असतील. साहेब, मोज्यांची जोडी असते. त्यात कुठला मोजा नर आणि कुठला मादी? नर-मादी हवे होते तर 'जोडा' मागायचा. या धंद्यात जोडी म्हणजे दोन, जोडा म्हणजे नवरा-बायको." आणि वर त्याने आपुलकीने विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

काकांनी छत्री पुन्हा काखोटीला मारली आणि ते वळले. काही प्रश्नांना उत्तर न देण्यातच माणसाची शान राहते.

पण खरा घाव पुढेच होता. अठ्ठावीस वर्षांत चूक नाही म्हणून सत्कार व्हायचा, आणि तिकडे बिल्डिंगच्या फाइलमध्ये दोन बायकांना 'नर एक, मादी एक, विवाहित' ठरवणारी नोंद त्यांच्याच झोकदार सहीनिशी पडलेली! ते नाक मुठीत धरून सेक्रेटरींकडे गेले. एवढा एक शब्द खोडू द्या, म्हणाले.

सेक्रेटरींनी फाइल मांडीवर घेतली आणि ते कितीतरी वेळ नुसते गोड हसत राहिले. "बावीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या दाखल्यावर बायकोचं वय बावीसच्या जागी बहात्तर पडलं होतं. आठवतं? मी तुमच्या टेबलापाशी रडलो होतो."

"अर्जात तुम्हीच बहात्तर लिहिलं होतं," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि हा फॉर्म तुम्ही लिहिलाय. नोंद झाली ती झाली. दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, आणि पुढच्या महिन्यात या."

काका घरी आले ते पाय ओढत. सत्काराला चार दिवस उरले होते. निदान जोडा तरी घालून बघू, घरातल्या घरात चालून सैल करू, म्हणून बाल्कनीत स्टूल ठेवून ते कपाटापाशी चढले आणि खोक्यात हात घातला.

फर्रर्र! काहीतरी तोंडावर आलं. आणि त्याच क्षणी मागून आवाज आला. "हात लावू नका! खबरदार!"

तो आवाज खाली गेटपर्यंत गेला. तळमजल्यावर जिमवाल्याच्या हातून वजन पडलं. काका स्टुलावरून उतरले की कोसळले, यावर मतभेद आहेत. जमिनीवर बसून त्यांनी वर पाहिलं, तर सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. डोळ्यांत तीच जुनी वॉर्डातली जरब.

"डाव्या बुटात चार अंडी आहेत. आज अकरावा दिवस. कधीही बाहेर येतील, आणि तुम्ही हात घालताय?"

खोक्याच्या उघड्या राहिलेल्या फटीतून चिमण्यांनी संसार थाटला होता. पिंजऱ्यातून सांडलेल्या विवाह अर्जांच्या पट्ट्या नेऊन बुटात मऊ गादी केली होती. गळ्याखाली काळा डाग असलेला चिमणा कपाटाच्या कडेवर थयथय नाचत होता, भुरी चिमणी दोरीवरून ओरडत होती. यांच्यात कोण कोण आहे हे रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा सांगू शकला असता.

"तुम्हाला हेही माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"मी रोज इथेच तर बसते. तुम्ही पिंजऱ्यात बघत होतात, मी वर बघत होते."

काकांचा बांध फुटला. "हे सगळं मी तुमच्यासाठी केलं हो! तुम्ही बोलत नव्हतात. मला वाटलं, घरात एक पिल्लू आलं तर तुम्ही बोलाल."

सिस्टर त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. "चौतीस वर्षं रोज कुणाचं तरी बाळ पहिलं या हातात यायचं," त्या म्हणाल्या. "आता सकाळी उठलं की हातांना कळतच नाही काय करायचं. बोलायचं तरी कशाबद्दल?" मग त्यांनी डोळे पुसले आणि झटकन उठल्या. "चला, बाहेर व्हा. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. आत गर्दी नको."

त्या दिवसापासून बाल्कनीचं प्रसूतिगृह झालं. दाराला पडदा लागला. मास्तर पुस्तक घेऊन आले, त्यांना दोन मिनिटांत परत पाठवण्यात आलं. जिमवाल्याची गाणी बंद झाली. सेक्रेटरी, हे प्राणी पाळीव की कसे, अशी विचारणा करायला आले, आणि आवाज ऐकून जिन्यातूनच परत फिरले. काका दाराबाहेर येरझाऱ्या घालायचे आणि मधूनच विचारायचे, "काही खबर?" लेक बाहेर येत होती तेव्हा घातल्या होत्या, तशाच येरझाऱ्या.

सत्काराच्या दिवशी काका कोट-टाय घालून, खाली जुन्या चपला सरकवून निघाले. मास्तरांचे बूट मोठे होत होते, नवे घ्यायला मन धजावलं नाही. आपला जोडा घरात आहे आणि तो कामात आहे, एवढंच त्यांना वाटत होतं. स्टेजवर चढताना चपलेचा फटक-फटक आवाज सगळ्या हॉलने ऐकला. मोठ्या साहेबांनी शाल खांद्यावर टाकली, त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि सभ्यपणे वर बघितलं. "एकही चूक नाही, असा हा माणूस," ते माइकवर म्हणाले.

काकांना ते गिळवेना. माइक हातात आल्यावर ते म्हणाले, "एक झाली आहे. घरी. दुरुस्तीचा अर्ज केलाय."

हॉलमध्ये हशा पिकला, आणि तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन वाजला. सिस्टरांचा. गेल्या चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. काकांनी पुढचामागचा विचार न करता तो कानाला लावला. पलीकडून तोच आवाज, खणखणीत, माइकमधून सगळ्या हॉलभर घुमणारा:

"अहो, ऐकताय ना! तीन झाली, चौथं येतंय! पहिलं सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी. काय तोंडं उघडतायत म्हणून सांगू! चिमणा नुसता धावतोय, अगदी तुमच्यासारखा, उपयोग काही नाही. लवकर या घरी, मला किती काय काय सांगायचंय! बाळं-बाळंतीण सुखरूप!"

काकांचे डोळे भरून आले होते, आणि शालीने पुसले तर बरं दिसेल का, हे ठरत नव्हतं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे साहेब पुढे झाले, काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अभिनंदन! लेकीला ना? मुलगे की मुली?"

काकांनी नाक ओढलं आणि ताठ उभे राहिले.

"नोंद अजून केलेली नाही, सर," ते म्हणाले. "या खेपेला आधी सिस्टरांना विचारतो."